नाव कोरलेला रुपया

(चिखलोली येथे ग्रामस्थ आणि विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे हे शब्दांकन. भाषणापूर्वी वक्त्यांनी आपल्या संग्रहातील काही नाणी श्रोत्यांना पाहण्यासाठी मांडून ठेवली होती.)



मघाशी आपण सर्वांनी टेबलावरची नाणी पाहिलीत. ती पाहून आपल्यातीलच एका गृहस्थांनी मला विचारले, "ही तर सगळी खराब झालेली नाणी दिसतात. चांगली घरी ठेवून आलात काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्यातील एका रुपयाची एक बाजू कानशीने घासून गुळगुळीत केलेली आहे. दुसऱ्याला कडी डागलेली आहे. तिसऱ्याचा तर रुपयाच राहिलेला नाही, त्याची अंगठी झाली आहे. नाण्यांच्या बाजारात अशा नाण्याला कोणी जवळ करीत नाही. संग्राहक म्हणतो, 'हे बिघडलेले आहे'. सराफ म्हणतो, 'वजनात कमी भरते आहे'. आणि मग ते मुशीत जाते.

गेली कित्येक वर्षे मी हीच बिघडलेली नाणी शोधत हिंडतो आहे. ते का, एवढेच सांगण्यासाठी आज आपल्यासमोर उभा आहे. त्याबरोबरच माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीही आपल्यापुढे द्यायची आहे.

आपण जेथे बसलो आहोत, तेथून अंबरनाथचे शिवमंदिर फार लांब नाही. त्या मंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आहे आणि शिलाहार राजा मम्वाणी याचे नाव आहे. साडेनऊशेहून अधिक वर्षे ते नाव ऊन-पाऊस सोसून टिकले. ते दगडात कोरलेले होते आणि कोरणाऱ्याच्या पाठीशी राजसत्ता होती. सामान्य माणसाच्या वाट्याला असा दगड येत नाही. परंतु आपले नाव मागे राहावे, निदान आपल्या माणसांच्या हाती राहावे, ही इच्छा त्यालाही असतेच. लढाईवर निघालेल्या शिपायाच्या कनवटीला पगाराचा एखादा रुपया असतो. तोच त्याचा शिलालेख होतो.

शिपायाच्या हातची कारागिरी

ही गोष्ट केवळ आपल्याकडची आहे असे नव्हे. १९१४ ते १९१८ या काळात फ्रान्स आणि बेल्जियमच्या खंदकांत महिनोन् महिने बसून राहिलेल्या सैनिकांनी हाताला मिळेल त्या धातूच्या वस्तू बनविल्या. तोफगोळ्यांच्या पितळी नळकांड्यांच्या फुलदाण्या झाल्या आणि नाण्यांच्या अंगठ्या झाल्या. अनेकांनी नाण्याची एक बाजू घासून तीवर आपले नाव, क्रमांक आणि पलटण कोरली व ते मनगटाला किंवा गळ्यात बांधले. आपण पडलो, तर निदान कोण पडला हे कळावे, हा त्यामागचा हेतू. या वस्तूंना इंग्रजीत 'ट्रेंच आर्ट' असे नाव आहे आणि लंडनच्या इम्पिरिअल वॉर म्युझियमसारख्या संस्थांनी त्या जतन केल्या आहेत.

आपल्याकडे या सवयीला आणखी एक जुना ओघ येऊन मिळाला. नाणे अंगावर घालणे ही आपली पूर्वापार रीत आहे. पुतळ्यांची माळ आपल्या घराघरांतून होती. खेड्यापाड्यांतील स्त्रियांनी चांदीच्या कलदार रुपयांना कड्या लावून त्यांच्या माळा केल्या. ती माळ म्हणजे दागिनाही होता आणि अडीअडचणीची पुंजीही होती. त्यामुळे लढाईवरून आलेला किंवा लढाईवर जाताना हाती ठेवलेला रुपया कोठे जपायचा, हा प्रश्न आपल्या आजी-पणजींना पडलाच नाही. तो माळेत, बहुधा मध्यभागी, जाऊन बसला.

माझी सारी नोकरी यंत्रशाळेत, सुट्या भागांना कानस मारण्यात गेली. त्यामुळे धातूवर हात कसा चालला आहे, हे मला थोडेफार वाचता येते. नाण्याची अंगठी करण्याची जुनी पद्धत अशी : नाणे कडेवर उभे धरायचे आणि चमच्याच्या पाठीने किंवा हलक्या हातोडीने, फिरवत फिरवत, कडेवर ठोके द्यायचे. शेकडो, हजारो ठोके. हळूहळू कड पसरते, नाण्याचा घेर लहान होतो, आणि शेवटी मधला भाग पोखरून काढायचा. नीट पाहिले, तर काही अंगठ्यांच्या आतल्या अंगाला नाण्यावरील अक्षरे शाबूत दिसतात. नाव कोरण्याचे काम याहून सोपे, पण त्याला धीर लागतो. कोणी अणकुचीदार खिळ्याने ठिपक्याला ठिपका जोडून अक्षरे काढली आहेत, कोणी छिन्नीने. माझ्याजवळच्या एका रुपयावर आधी लांब आडवी रेघ ओढून, तिच्याखाली शाळेतल्या पाटीवर लिहावीत तशी अक्षरे टांगली आहेत. अखेरचे अक्षर मावले नाही, म्हणून ते खाली घेतले आहे. त्या खाली घेतलेल्या अक्षरापाशी मी प्रत्येक वेळी थांबतो. ते काढताना तो माणूस मनाशी चरफडला असेल, किंवा हसलाही असेल.

रुपयाची गोष्ट

आता ज्या नाण्यावर हे सारे घडले, त्याची थोडी ओळख करून घेऊ. १८३५ पासून सर्वत्र सारखा झालेला चांदीचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचा होता. एक रुपया म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. म्हणून सोनाराच्या तराजूत रुपयाच वजन म्हणून वापरला जाई, आणि म्हणूनच घासलेला रुपया त्याच्या लेखी लगेच उणा ठरे. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ च्या रुपयात तर चांदी उरलीच नाही, तो निकेलचा झाला. याच युद्धकाळात, १९४३ पासून, तांबे वाचविण्यासाठी मधोमध छिद्र असलेला पैसा निघाला. तो भोकाचा पैसा आपल्यापैकी काही ज्येष्ठांनी लहानपणी दोऱ्यात ओवून गळ्यात घातलाही असेल.

पहिल्या महायुद्धाने चांदीच्या रुपयावर मोठेच संकट आणले. सैन्याचा पगार आणि धान्याची, कापडाची खरेदी यांसाठी रुपये पुरेनात. चांदी इतकी महागली की, रुपयाच्या दर्शनी किमतीपेक्षा तो मोडून येणारी चांदी अधिक मोलाची ठरू लागली. १९१७ मध्ये सरकारने चलनातील सोन्या-चांदीची नाणी वितळविण्यास मनाई केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढली. पुढच्या वर्षी अमेरिकेने खास कायदा करून आपले सुमारे २६ कोटी चांदीचे डॉलर वितळविले आणि त्यातून निघालेली सुमारे २० कोटी औंस चांदी ब्रिटिश सरकारला विकली. ती प्रामुख्याने हिंदुस्थानातील रुपयांसाठी होती. आपल्या देवघरातील १९१८ च्या रुपयात अमेरिकन डॉलरची चांदी असण्याची शक्यता आहे, असे सांगितले तर आपल्याला नवल वाटेल. परंतु ते तसे आहे.

अशा टंचाईच्या दिवसांत एक संबंध रुपया खर्च न करता बाजूला काढणे, त्यावर कानस चालवून त्याची किंमत आपल्या हाताने कमी करणे, ही साधी गोष्ट नव्हती. शिपायाचा महिन्याचा पगार हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या रुपयांचा. त्यातला एक रुपया त्याने नावासाठी दिला.

बसऱ्याची वाट

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय समुद्रापार गेले आणि सुमारे ७४ हजार परतले नाहीत. महाराष्ट्रातील शिपायांच्या दृष्टीने या युद्धाचे मोठे क्षेत्र म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी ती 'बसऱ्याची लढाई'. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. ही डिव्हिजन कुत-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात सापडली आणि अन्नावाचून हतबल होऊन २९ एप्रिल १९१६ रोजी तिला तुर्कांपुढे शस्त्रे ठेवावी लागली. वेढ्यात धान्य संपत आले, तेव्हा घोड्यांचे मांस खाण्याची वेळ आली आणि आपल्या शिपायांनी ते खाण्यास दीर्घकाळ नकार दिला. शरणागतीनंतर वाळवंटातून चालविल्या गेलेल्या कैद्यांपैकी कितीतरी जण वाटेतच संपले.

बसऱ्याहून आलेल्या आठवणींत तुर्की नाणी असणार, असा माझा प्रारंभी समज होता. पण हाती येई तो आपलाच रुपया. कारण शोधले तेव्हा उलगडा झाला. ब्रिटिशांनी तो प्रदेश घेतल्यावर तेथे भारतीय रुपयाच चालू केला होता आणि १९३२ मध्ये इराकचा स्वतःचा दिनार येईपर्यंत तो चालला. मुंबईच्या टांकसाळीत पडलेला रुपया बोटीने बसऱ्यास जाई, तेथे शिपायाच्या हाती पगार म्हणून पडे आणि कधी नाव कोरून घेऊन पुन्हा कोकणात किंवा देशावर परत येई. कधी नावच तेवढे परत येई, माणूस येत नसे.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. हे शिपाई परक्या सरकारसाठी लढले, तर त्यांच्या आठवणी आपण का जपाव्यात, असे मला अनेक ठिकाणी विचारले जाते. दुसरीकडे काही उत्साही मित्र घासलेला रुपया पाहून म्हणतात, "पाहा, याने इंग्रज राजाचा चेहराच पुसून टाकला. हे बंडच आहे!"

मित्रहो, दोन्ही बाबतीत आपण सावध असावे. राजाच्या चित्राकडे लोकांचे बारीक लक्ष असे, यात शंका नाही. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली आणि सरकारला ते नाणे मागे घेऊन चित्र बदलावे लागले. परंतु मी पाहिलेल्या रुपयांपैकी काहींवर राजाची बाजू घासलेली आहे, तर काहींवर सन असलेली दुसरी बाजू. युरोपातील सैनिकांनीही आपापल्या राजाराण्यांच्या मुद्रा अशाच घासल्या आहेत. तेव्हा केवळ घासण्यावरून त्या माणसाच्या मनातले राजकारण काढणे हा त्याच्यावर अन्याय होईल. त्याने जे खरोखर लिहिले आहे, तेवढेच वाचावे. त्याने आपले नाव लिहिले आहे आणि पुष्कळदा गावाचे. युद्ध कोणाचे होते, हे ठरविण्याचा अधिकार त्याला नव्हता. दुष्काळ, कर्ज आणि जमिनीचा अपुरा तुकडा यांनी त्याला पलटणीत नेले. तो आपल्या गावचा होता आणि आपल्या घरचा होता, एवढे कारण त्याच्या स्मरणाला पुरेसे आहे.

केरेनचा थेलर

दुसऱ्या महायुद्धातील एक आठवण सांगतो. रायगड जिल्ह्यातील एका गावी एका वृद्ध आजींनी मला देव्हाऱ्यातून एक मोठे चांदीचे नाणे काढून दाखविले. त्याला कडी होती, आणि मागच्या बाजूस दोन अक्षरे खरवडलेली होती, त्यांच्या यजमानांच्या नावाची आणि आडनावाची. नाण्यावर एका स्थूल स्त्रीचे चित्र. घरात सगळे तिला 'व्हिक्टोरिया राणी' म्हणत. मी म्हणालो, "आजी, ही व्हिक्टोरिया नव्हे. ही ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा." यजमान मराठा पलटणीत होते आणि 'केरणच्या डोंगरावर' लढले होते, असे त्या सांगत. ते केरेन. इरिट्रियातील हे ठाणे १९४१ च्या मार्चमध्ये घनघोर लढाईनंतर पडले आणि त्या लढाईत मराठा पलटण होती.

मारिया थेरेसा थेलर या नाण्यावर १७८० हेच वर्ष असते, ते कधीही पाडलेले असो. अबिसीनिया आणि अरबस्तान या भागांतील लोक दुसऱ्या नाण्यावर सहसा विश्वास ठेवीत नसत. म्हणून त्या मोहिमेच्या काळात, १९४०-४१ मध्ये, ब्रिटिशांनी हे थेलर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही पाडून घेतले. आजींच्या हातातले नाणे मुंबईचेच होते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ते मुंबईत जन्मून आफ्रिकेत जाऊन शिपायाबरोबर कोकणात परतले असणे शक्य आहे, एवढे त्यांना सांगितले. त्या बराच वेळ नाण्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते पण माघारी आले म्हणायचे." मी ते नाणे मागितले नाही आणि त्यांनी देऊ केले नाही. मी त्याचे छायाचित्र काढले, वजन केले आणि आजींनी सांगितले ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घेतले. माझ्या संग्रहातील अनमोल नाणी अशी आहेत, जी माझ्याजवळ नाहीत.

याच जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावी त्यांचे स्मारकही झाले. ते योग्यच झाले. परंतु पदक सर्वांना मिळत नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. ते गाव आज अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखले जाते. अनेक गावांत त्या युद्धाची संगमरवरी पाटी आहे. 'या गावातून इतके लोक गेले, त्यापैकी इतके मृत्यू पावले' एवढाच त्यावरील मजकूर. आकडा आहे, नाव नाही. नाव शोधायचे असेल, तर ते घरातच शोधावे लागते.

माझी चूक

आता ज्या चुकीचा मी प्रारंभी उल्लेख केला, ती सांगतो. माझ्या आजीच्या गळ्यात सात रुपयांची माळ होती. मधल्या रुपयाची एक बाजू घासलेली होती आणि तीवर अक्षरे होती. लहानपणी तिच्या मांडीवर बसून मी त्या अक्षरांवरून बोट फिरवीत असे. ती म्हणे, "ते दादाचं आहे. दादा बसऱ्याला गेला." दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. पुढे १९१८ च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीत तिचे माहेरचे घर बुडाले. माहेर उरले ते त्या एका रुपयापुरते.

आजी १९७९ मध्ये गेली. १९८० च्या प्रारंभी साऱ्या जगात चांदीचे भाव एकाएकी कडाडले. मला या भागात राहायला खोली घ्यायची होती आणि अनामत रकमेला पैसे कमी पडत होते. मी माळ घेऊन सोनाराकडे गेलो. तो सज्जन माणूस होता. माळ सोडविताना त्याने मधला रुपया उजेडात धरला आणि विचारले, "यावर काही अक्षरं आहेत. हा बाजूला ठेवू का?" मी म्हणालो, "नको, तेवढ्याने वजन कमी होईल." तो क्षणभर थांबला. मग सातही रुपये मुशीत गेले. सवागी पडली, भाता चालला, आणि थोड्या वेळाने त्याची एक लहानशी लगड झाली.

त्या खोलीत मी संसार केला, मुले वाढविली. मला कोणालाही दोष द्यायचा नाही. दोष माझा एकट्याचा. पंधरा-वीस वर्षांनी एका प्रदर्शनात नाव कोरलेला तसाच एक रुपया काचेखाली पाहिला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. आजी भावाला नेहमी दादाच म्हणे. त्याचे नाव तिने कधी उच्चारले नाही, आम्हीही कधी विचारले नाही. ते विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण नाव त्या रुपयावर होते.

बसऱ्याच्या स्मारकाविषयी मी पुढे वाचले. ते १९२९ मध्ये उभे राहिले. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि ज्यांच्या समाध्या ज्ञात नाहीत, अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी ते आहे. ब्रिटिश सैनिक आणि भारतीय अधिकारी यांची नावे तेथे कोरली गेली. सामान्य भारतीय शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या लिहिली गेली. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाने आपल्या अहवालात अशा असमान वागणुकीची कबुली दिली आणि क्षमा मागितली. दगडावर नसलेली ही नावे आयोगाच्या नोंदवह्यांत आहेत आणि आता ती संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव आणि गावही आहे.

मी शोधले. आजीच्या माहेरचे आडनाव आणि गाव मला माहीत होते. तिच्या वडिलांचे नाव सांगणारे कोणी उरले नव्हते. त्या आडनावाच्या आणि त्याच गावच्या दोन नोंदी सापडल्या. दोघेही मराठा पलटणीतले, दोघेही मेसोपोटेमियात गेलेले. गावी जाऊन चौकशी केली. त्या घराचे जोतेही शिल्लक नाही. दोघांपैकी आजीचा दादा कोणता, हे सांगणारी एकच वस्तू जगात होती, आणि ती मी मोडीत घातली.

एवढे तरी करावे

म्हणून आज आपल्याला काही विनंत्या करायच्या आहेत. घरात जुनी चांदी असेल, तर ती मोडण्यापूर्वी प्रत्येक नाणे दोन्ही बाजूंनी, तिरप्या उजेडात पाहा. झिजलेली अक्षरे समोरच्या उजेडात दिसत नाहीत, तिरप्या उजेडात सावली धरतात. चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नका. चकाकी येते, पण खिळ्याने काढलेली उथळ अक्षरे जातात. कडी तोडू नका. ती कडीही त्या नाण्याच्या इतिहासाचा भाग आहे. पातळ सुती कापडात किंवा कोऱ्या कागदात नाणे गुंडाळून ठेवा.

दुसरे, वही करा. नाण्याचे वजन आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे तीत असू द्या. सन दिसत असेल तर तो लिहा. रुपयावर सन राजाच्या चेहऱ्याच्या उलट बाजूस असतो, त्यामुळे ती बाजू घासलेली असेल तर सन मिळणार नाही. ते कोणाचे, कोणी सांगितले, केव्हा सांगितले, हे त्या माणसाच्याच शब्दांत उतरवा. जे माहीत नाही, ते कल्पनेने भरू नका. पराक्रमाची गोष्ट रचून चिकटवली, तर खरी गोष्ट कायमची झाकली जाते.

तिसरे, विकत घेणाऱ्या तरुण मित्रांसाठी. आता अशी नाणी बाजारात मागितली जाऊ लागली आहेत, तेव्हा नवी बनविलेलीही येऊ लागली आहेत. जुन्या कोरीव अक्षरांच्या कडा वापराने बोथट झालेल्या असतात आणि खाचांत काळसरपणा मुरलेला असतो. खाच चकचकीत आणि बाकी नाणे काळे, असे असेल तर संशय घ्यावा. यंत्राने पाडलेले छिद्र आणि हाताने पाडलेले छिद्र यांतला फरक कोणताही फिटर सांगेल. तसेच नाण्यावरील सन आणि सांगितली जाणारी लढाई यांचा मेळ घाला. १९१८ च्या रुपयावर कुतच्या वेढ्याची आठवण आधी कोरली जाऊ शकत नाही.

चौथे, कायदा. आज चलनात असलेले नाणे वितळविणे किंवा त्याची मोडतोड करणे हा २०११ च्या नाणे कायद्यानुसार गुन्हा आहे; तेव्हा आजच्या नाण्यांवर हे प्रयोग करू नका. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावशेष ठरतात आणि परवानगीवाचून ती देशाबाहेर नेता येत नाहीत. पहिल्या महायुद्धातील रुपयांनी ही शंभरी आता ओलांडली आहे. नाण्यांचा अभ्यास करायचा असेल, तर नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेसंशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय अवश्य पाहा.

आणि शेवटचे. एखाद्या नाण्यावर नाव आणि गाव वाचता आले, तर ते नाणे प्रथम त्या गावचे आहे आणि मग आपले. माझ्या संग्रहातील दोन रुपये मी अशा प्रकारे त्या त्या घरी पोहोचते केले. एका घरी तो रुपया देवाजवळ ठेवला गेला. दुसऱ्या घरी त्यांनी तो पाहिला, नाव वाचले आणि म्हणाले, "तुम्हीच सांभाळा, आमच्याकडे हरवेल." त्यांचे नाव-गाव लिहून तो मी परत आणला. दोन्ही निर्णय योग्यच होते, कारण ते त्या घरांनी घेतले.

आपला हा परिसर युद्धाशी अपरिचित नाही. शेजारचे उल्हासनगर दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागेवर वसले. १९४९ मध्ये त्याला हे नाव मिळाले आणि फाळणीत सर्वस्व सोडून आलेले सिंधी बांधव तेथे उभे राहिले. कोकण, देश, सिंध असे चहूकडून आलेले लोक येथे राहतात आणि प्रत्येकाच्या ट्रंकेच्या तळाशी काहीतरी गुंडाळून ठेवलेले आहे. आज घरी गेल्यावर ती ट्रंक उघडा. आई, आजी, आजोबा हयात असतील, तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, हे कोणाचे आणि त्याचे नाव काय. मी ते विचारले नाही.

दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला मी तर्पण करतो, तेव्हा त्या दोन्ही नोंदींतली नावे घेतो. त्यातला एक माझ्या आजीचा दादा आहे. दुसऱ्याच्या नावे कदाचित आज कोणी पाणी देत नसेल, म्हणून त्यालाही देतो.